पेल्यातला हिशेब

पेयांच्या बाबतीत माझं ज्ञान फारच तुटपुंजं आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. सकाळी चहा, बँकेत चहा, घरी आल्यावर चहा, उन्हाळ्यात पन्हं आणि कोकम सरबत, जेवणावर ताक, आणि दुसऱ्याकडे गेल्यावर ते जे पुढे करतील ते. बिअर नावाचं पेय मी आयुष्यात एकदाच घेतलं, एका सहकाऱ्याच्या निवृत्ती-समारंभात. त्यानंतर मी मॅनेजरसाहेबांच्या पाठीवर थाप मारून 'काय रे, कर्ज कधी फेडतोस?' असं विचारलं, अशी वदंता आहे. मला आठवत नाही. साहेबांना मात्र आठवतं. दरवर्षी माझा गोपनीय अहवाल लिहिताना तर हमखास आठवतं.

हिशेबाच्या बाबतीत मात्र मी पक्का. बी. कॉम., सेकंड क्लास, आणि कॅशच्या खिडकीमागे बावीस वर्षं. दिवसअखेर एक रुपया कमी भरला तर तो सापडेपर्यंत मी खुर्ची सोडत नाही. एक रुपया जास्त भरला तर मुळीच सोडत नाही. कमी पडलेला रुपया निदान आपला असतो. जास्तीचा कुणा परक्याचा असतो, आणि परक्याचा रुपया घरी नेला की रात्रभर उशाशी वाजत राहतो.

हा गुण मी घरातही कसोशीने पाळला. पाच वर्षांपूर्वी बाबा गेले. आजारपण दोन महिन्यांचं. मी आणि दादा, दोघांनी मिळून केलं. तेराव्यानंतर चार दिवसांनी मी एका आखीव कागदावर 'बाबांचे आजारपण : जमाखर्च' असा तक्ता केला. औषधं, सलाईन, दादाचं रिक्षाभाडं, मी आणलेली शहाळी, सगळं तारीखवार. बेरीज केली, दोनाने भागलं, आणि माझ्याकडून दादाला 4,312 रुपये निघतात असं निष्पन्न झालं. त्याच संध्याकाळी त्याच्या खात्यावर भरले आणि कागदावर त्याची सही घेतली. दादा सही करताना एवढंच म्हणाला, "जुळला का रे हिशेब?" मी म्हटलं, "तंतोतंत!" मला वाटलं, तो कौतुकाने विचारतोय.

त्यानंतर दादाकडे गेलो की चहा ट्रेमधून यायला लागला. पूर्वी माझा एक कान तुटलेला कप होता. 'तुझा कप' म्हणून वहिनी तोच पुढे सरकवायच्या. आता सोनेरी काठाचे कप, बशीत दोन बिस्किटं आणि 'घ्या ना भाऊजी.' मला हे काय झालं ते कळत नव्हतं. नफातोटा पत्रकात असल्या गोष्टींना रकाना नसतो.

आता यात ग्रीस कुठे आलं, असं तुम्ही विचाराल. ग्रीस आलं आमच्या सौभाग्यवतीच्या भिशीतून. तिला भिशी लागली, तीत तिने साठवलेले पैसे घातले आणि एका संध्याकाळी जाहीर केलं, "आपण ग्रीसला जायचं. सगळे सिंगापूरला जातात." मी व्याजाचं नुकसान काढून दाखवलं. तिने पासपोर्टचे फोटो काढून दाखवले. अशा रीतीने मी, ही, ठाण्याचे एक निवृत्त मास्तर आणि इतर अठरा मराठी जीव, चिवडा व लोणच्याच्या बरण्यांसह, अथेन्सला उतरलो.

पहिल्याच सकाळी चहाची तल्लफ आली. चहाला ग्रीक भाषेत 'त्साय' म्हणतात हे मला गाईडबाईंनी सांगितलं होतं. म्हटलं, वा, हे तर आपलंच गोत्र! कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "त्साय." दुकानदाराने माझ्याकडे काळजीने पाहिलं. मग पोटावर हात ठेवून, भुवया उंचावून काहीतरी विचारलं. गाईडबाईंनी भाषांतर केलं, "तो विचारतोय, तुम्हाला बरं नाही का?"

ग्रीसमध्ये चहा आजारी माणसाने प्यायचा. सर्दी, पडसं, पोटदुखी असली की 'डोंगरी चहा' उकळतात. सिदेरितिस नावाची एक झुडपासारखी वनस्पती उंच डोंगरउतारांवर वाढते. तिच्या फुलांच्या वाळक्या काड्या तुऱ्यांसकट पाण्यात टाकायच्या आणि मध घालून प्यायच्या. माझ्यापुढे आलेलं पेय फिकट पिवळं होतं आणि त्याला ओल्या गवताचा बरा वास होता. दूध मागण्याचा धीर मला झाला नाही. चहात दूध मागितलं असतं तर त्याने बहुधा ॲम्ब्युलन्स बोलावली असती. म्हणजे पाहा, आमच्या बँकेत चहा घेतला नाही तर 'बरं नाही का?' म्हणतात आणि इथे घेतला तर!

धडधाकट ग्रीक माणूस कॉफी पितो. 'ब्रिकी' नावाचं लांब दांड्याचं, आपल्या फोडणीच्या कढल्यासारखं भांडं असतं. त्यात पाणी, पिठासारखी बारीक दळलेली कॉफी आणि साखर एकदमच घालून मंद आचेवर ठेवतात. वर जो फेस येतो त्याला 'कैमाकी' म्हणतात, आणि तो मोडला तर बनवणाऱ्याची अब्रू गेली. साखर आधीच उकळली जात असल्यामुळे ती किती हे आधीच सांगावं लागतं : बिनसाखरेची 'स्केतो', मध्यम 'मेत्रियो', गोड 'ग्लिको'. मी 'ग्लिको' मागितली आणि सवयीप्रमाणे दोन घोटांत संपवली. दुसऱ्या घोटाबरोबर तळाचा अख्खा गाळही पोटात गेला. आजूबाजूचे ग्रीक लोक थिजून पाहत राहिले. एक तर तो गाळ पिण्यासाठी नसतोच. पुष्कळ ठिकाणी कप उपडा करून बायका त्यात भविष्य बघतात. आणि दुसरं म्हणजे एवढीशी कॉफी दोन तास पुरवायची असते. मी माझं भविष्य गिळून सव्वा मिनिटात मोकळा झालो होतो.

या कॉफीला पूर्वी तिथेही बहुतेक लोक 'तुर्की कॉफी'च म्हणत. 1974 साली तुर्कस्तानने सायप्रसमध्ये सैन्य उतरवलं आणि तेव्हापासून 'ग्रीक कॉफी' हे नाव पक्कं झालं. भांडं तेच, कॉफी तीच. खातेदाराचं नाव तेवढं बदललं.

थंड कॉफीची कथा तर मला फारच जिव्हाळ्याची वाटली, कारण तिचा नायक नोकरदार आहे. 1957 साली थेस्सालोनिकीच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात नेस्ले कंपनीचे दिमित्रिस वाकोन्दियोस यांना कामाच्या मध्ये कॉफीची हुक्की आली. झटपट कॉफीची पूड होती, पण गरम पाणी मिळेना. तिथे मुलांच्या चॉकलेट-पेयासाठी ठेवलेलं हलवण्याचं भांडं होतं. त्यांनी त्यात पूड आणि गार पाणी घालून खडखडा हलवलं, वर फेसाचा डोंगर आला, आणि 'फ्रापे' जन्माला आली! पुढे निम्म्या देशाने ती हातात धरून उन्हाळे काढले. अलीकडे तिची जागा बर्फातल्या 'फ्रेद्दो'ने घेतली आहे. पण मुद्दा तो नाही. गरम पाणी मिळालं नाही म्हणून आमच्या शाखेत एकदा युनियनची सभा झाली होती. वाकोन्दियोस यांनी सभा घेतली नाही, एवढाच काय तो फरक.

दुपारी आम्हाला संग्रहालयात नेलं. तिथे हौदासारख्या तोंडाची, चित्रं रंगवलेली मोठमोठी मातीची भांडी होती. मास्तर म्हणाले, "लोणच्याची असणार." गाईडबाईंनी सांगितलं, हे 'क्रातीर'. प्राचीन ग्रीक लोक वाइन कधी नुसती पीत नसत. या भांड्यात आधी तिच्यात पाणी मिसळायचं. किती मिसळायचं हे मेजवानीचा प्रमुख ठरवणार आणि मग सर्वांना सारखी वाटायची. नुसती वाइन पिणारा तो रानटी, असं त्यांचं स्पष्ट मत. आणि गंमत म्हणजे आजच्या ग्रीक भाषेत वाइनला 'क्रासी' म्हणतात, तो शब्दच मुळी 'मिसळणं' या अर्थाच्या जुन्या शब्दातून आलेला. मला आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याची आठवण झाली. पार्टीत तो ग्लासात इतका सोडा ओततो, की बाकीचे त्याला हसतात. आल्यावर त्याला सांगितलं, "तू सॉक्रेटिसच्या बैठकीत शोभला असतास." तेव्हापासून तो माझी टोकनं आधी काढतो.

त्याच प्राचीन लोकांची देमेतेर नावाची धान्याची देवी मुलीच्या शोधात दुःखी होऊन फिरत असताना तिने वाइन नाकारली आणि जवाचं पीठ व पुदिन्याच्या जातीचा पाला घातलेलं पाणी मागितलं, अशी कथा आहे. त्या पेयाचं नाव 'किकेओन'. "म्हणजे सातूचं पीठच की!" ही म्हणाली. मुलीच्या काळजीने घशाखाली दुसरं काही उतरत नाही, हे तिला लगेच पटलं.

रात्री जेवताना 'रेत्सिना' आली. ही पाइन वृक्षाच्या राळेचा वास असलेली वाइन. पूर्वी वाइनचे रांजण राळेने बंद करत, तिचा वास वाइनला लागे. रांजण गेले, पण लोकांच्या जिभेला तो वास लागलेला, म्हणून वाइन आंबताना आता मुद्दाम राळ घालतात. मी एक घोट घेतला. सुताराच्या दुकानात तोंड उघडं ठेवून झोपल्यासारखं वाटलं. मास्तरांनी मात्र डोळे मिटून दुसरा पेला घेतला आणि म्हणाले, "छातीला चांगली असणार." त्यांना कफाचा त्रास आहे. चौथ्या पेल्याला संबंध ग्रुपलाच कफाचा त्रास असल्याचं दिसून आलं.

आमच्या हिला मद्य वर्ज्य. त्यामुळे तिच्यासाठी बिनमद्याच्या पेयांचा शोध सुरू झाला, आणि खरं सांगायचं तर त्या शोधात आम्ही जास्त श्रीमंत झालो. आंबट चेरीचं 'विसिनादा' सरबत आलं. रंगाने थेट आपल्या कोकमाचा सख्खा भाऊ. बदामाचं दुधाळ 'सुमादा' आलं. हे क्रीट बेटावर आणि इतरत्र लग्नाकार्यात देतात. आणि एके दिवशी आली ती 'पाणबुडी'! ग्रीक शब्द 'इपोव्रिहियो', त्याचा अर्थही पाणबुडीच. थंडगार पाण्याचा ग्लास, आणि त्यात चमच्यासकट बुडवलेला पांढऱ्या, चिकट मिठाईचा गोळा. चमचा चाटायचा, वरचं पाणी प्यायचं, पुन्हा बुडवायचा. या मिठाईला 'मास्तिहा'चा स्वाद असतो. मास्तिहा म्हणजे हिओस बेटाच्या दक्षिणेकडच्या झाडांचा डिंक. झाडाच्या सालीला चिरा पाडून, थेंब वाळवून तो गोळा करतात, आणि त्या कलेची नोंद 2014 साली युनेस्कोने वारसा म्हणून केली.

"अहो, हे तर गूळपाणी!" ही चमचा चाटत म्हणाली. अगदी खरं. उन्हातून आलेल्या माणसाला आपल्याकडे गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी देत. त्यांच्याकडे चमचाभर गोड आणि ग्लासभर पाणी देतात. आलेला माणूस कोण, कशासाठी आला, हे विचारण्याच्या आधी. दादाच्या घरी ते फ्रिजवरच्या डब्यात असायचं. असायचं, म्हणजे अजूनही असेल. मी अलीकडे उघडून पाहिला नव्हता.

नाक्सोस बेटावर एक हिरवी बाटली पाहिली, 'कित्रो'. ही एका मोठ्या, जाड सालीच्या लिंबाच्या पानांपासून काढतात. हिरवी सर्वांत गोड आणि सौम्य, पिवळी सर्वांत कडक, आणि बिनरंगाची मधली. त्या फळाचं चित्र पाहून ही एकदम म्हणाली, "हे महाळुंग! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं!" आणि तिने दारूच्या दुकानात उभं राहून बाटलीला नमस्कार केला. दुकानदारानेही आदराने मान लववली. एवढं भक्तिमान गिऱ्हाईक त्याला पूर्वी मिळालं नसावं.

मग आली उझो. दिसायला पाण्यासारखी, वास बडीशेपेच्या कुळातल्या अनीसचा. पाणी ओतलं की डोळ्यांदेखत दूध! जादू काही नाही. अनीसचं तेल मद्यात विरघळतं, पाण्यात विरघळत नाही. पाणी वाढलं की ते सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बाहेर येतं आणि पेला पांढरा होतो. युरोपात ग्रीस आणि सायप्रसखेरीज कुणालाही आपल्या बाटलीवर 'उझो' लिहिता येत नाही. त्यातही लेस्वोस बेटावरच्या प्लोमारीची नावाजलेली. मी तो पांढरा पेला हातात धरून फोटो काढला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वहिनींचं उत्तर आलं, 'भाऊजी, दूध पिताय? पित्त झालं का?' दादाच्या नावापुढे दोन निळ्या खुणा आल्या. बाकी काही आलं नाही.

आता मुख्य गोष्ट. मेतेओराचे कड्यावरचे मठ पाहून परतताना थेस्सालीतल्या एका लहानशा गावाजवळ आमची बस बंद पडली. ड्रायव्हर खाली शिरला, गाईडबाई फोनला लागल्या, आणि आम्ही गावात शिरलो. चौकात एक प्रचंड चिनार, त्याच्या सावलीत चार टेबलं, तेच तिथलं 'काफेनीओ'. म्हणजे कॉफीचं दुकान. पण खरं म्हणजे गावचा पार. एका टेबलाशी ऐंशीच्या घरातला एक म्हातारा हातात मण्यांची माळ फिरवत बसला होता. "जप चाललाय, आवाज करू नका," ही कुजबुजली. जप नव्हता. ग्रीक पुरुष नुसताच चाळा म्हणून अशी माळ फिरवतात. मुखी देवाचं नाव असेलच असं नाही.

म्हाताऱ्याने मला पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "या!"

आता तुम्हीच सांगा, परमुलखात कुणी 'या' म्हटल्यावर मराठी माणूस काय करील? मी गेलो आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसलो. 'या' हा त्यांचा नमस्कार आहे, हे मला फार उशिरा कळलं. तोवर त्याने बोटं वर करून काहीतरी मागवलं होतं. तो तरुणपणी बोटीवर होता. 'बॉम्बे, बॉम्बे' म्हणत त्याने हाताने लाटा करून दाखवल्या, आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं की एकदा मुंबईच्या गोदीबाहेर त्याला कुणीतरी चहा पाजला होता, आणि पैसे घेतले नव्हते. एवढंच त्याच्या लक्षात राहिलेलं मुंबई शहर.

आलं ते 'त्सिपुरो'. द्राक्षं चिरडून रस काढल्यावर मागे जो चोथा राहतो, तो आंबवून तांब्याच्या भट्टीत उतरवलेली ही दारू. शरद ऋतूत गावोगाव भट्ट्या लागतात. लहान बागाईतदारांना ठरावीक काळापुरता परवाना मिळतो आणि मग रात्रभर भट्टीभोवती शेजारीपाजारी जमतात, निखाऱ्यात बटाटे भाजतात आणि धार कशी पडते ते पाहतात. क्रीटमध्ये हिलाच 'त्सिकुदिया' किंवा 'राकी' म्हणतात. गोव्याच्या फेणीच्या भट्टीवर बसलेल्या माणसाला हे सगळं समजावून सांगावं लागणार नाही. आणि तिच्याबरोबर खाणं आलंच पाहिजे. रिकाम्या पोटी पिणं हे तिथे अडाणीपणाचं लक्षण. जवळच्या वोलोस शहरात तर दर नव्या बाटलीबरोबर नवा खाद्यपदार्थ येतो. 1922 साली आशिया मायनरमधून आलेल्या निर्वासितांनी ही पद्धत रुजवली असं सांगतात. आमच्यापुढे ऑलिव्ह, चीज आणि टोमॅटोच्या फोडी आल्या.

पहिल्या पेल्याने कानाच्या पाळ्या तापल्या. म्हाताऱ्याने दुसरा भरायला बाटली उचलली. मी घाईघाईने हात हलवत म्हणालो, "नै नै!" त्याने आनंदाने काठोकाठ भरला. तो रिकामा झाल्यावर मी जास्त जोराने म्हणालो, "नै! नै!" त्याने जास्त आनंदाने भरला. ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे 'हो'! नकार देत देत मी चार पेले प्यालो.

एव्हाना काफेनीओचा मालकही येऊन बसला होता. मी बँकेत आहे हे कळल्यावर दोघेही हसले. बँकेला त्यांच्याकडे 'त्रापेझा' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ टेबल. आणि आज ज्या टेबलाशी आपण जेवतो, त्याला 'त्रापेझी' म्हणतात. मालक म्हणाला, 2015 च्या जूनअखेर सरकारने बँका बंद केल्या. तीन आठवडे बंद! यंत्रातून दिवसाला फक्त 60 युरो. "त्रापेझा बंद होती," तो टेबलावर थाप मारून म्हणाला, "त्रापेझी उघडी होती." मी त्याला 8 नोव्हेंबर 2016 नंतरच्या आमच्या शाखेची रांग सांगितली. त्याने न सांगता माझा पाचवा पेला भरला.

"मग तेव्हा धंदा कसा केलात?" मी विचारलं. त्याने आतून एक तेलकट वही आणली. 'तेफ्तेरी'. उधारीची वही. हा शब्द दप्तर या शब्दाचा भाऊ बरं का! चामड्याला प्राचीन ग्रीक भाषेत 'दिफ्थेरा' म्हणत. तो शब्द पूर्वेकडे गेला आणि त्याचं 'दफ्तर' झालं, ते फारसीतून आपल्याकडे आलं आणि तुर्कांबरोबर पुन्हा ग्रीसमध्ये जाऊन 'तेफ्तेरी' बनलं. मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी अधाशासारखी ती वही चाळली. नावं, आकडे, काट मारलेल्या ओळी. एकदम चोख.

तेवढ्यात गाईडबाईंनी हाक मारली, बस दुरुस्त झाली होती. मी खिशातून पाकीट काढलं आणि ऐटीत म्हणालो, "लोगारियास्मोस!" हा एकच ग्रीक शब्द मी नीट पाठ केला होता, कारण हॉटेलचं बिल आणि बँकेतलं खातं, दोन्हींना तिथे हाच शब्द आहे. इतकी समंजस भाषा दुसरी नसेल.

मालकाने म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. "केरास्मा."

म्हणजे त्याने पाजलं. पैसे द्यायचे नाहीत. मी म्हटलं, निदान निम्मे. म्हाताऱ्याने मान मागे टाकली. मी म्हटलं, बरं, मग माझ्यातर्फे तुम्हाला एक पेला. नाही. मी दहा युरोंची नोट टेबलावर पेल्याखाली ठेवली. म्हातारा काही बोलला नाही. त्याने नोट घडी केली, माझ्या शर्टाच्या खिशात घातली आणि माझ्याकडे पाहिलं. रागावला नव्हता. नुसतं पाहिलं.

तो चेहरा मी पूर्वी पाहिला होता. त्या आखीव कागदावर सही करून पेन परत देताना दादाने असंच पाहिलं होतं.

बसमध्ये मी गाईडबाईंना विचारलं, "तुमच्या तेफ्तेरीत हे केरास्मा कुठे लिहितात?" त्या म्हणाल्या, "उधारी लिहितात. केरास्मा लिहीत नाहीत. तुम्ही तिथल्या तिथे फेडायला गेलात, म्हणजे तुम्हाला त्याच्याशी पुन्हा काही संबंध नको, असा अर्थ झाला." आणि जाता जाता सांगितलं की हा शब्दही त्या संग्रहालयातल्या भांड्याच्याच घराण्यातला. मुळात वाइनमध्ये पाणी मिसळून दुसऱ्याला ओतून देणं, ते केरास्मा. मी खिडकीबाहेर बघत बसलो. मास्तरांनी विचारलं, "चढली का?" मी म्हटलं, "नै." मराठीतलं.

परत आल्यावर पहिल्या रविवारी पुण्याला दादाकडे गेलो. बरोबर डोंगरी चहाची जुडी होती. दादा दारू घेत नाही. आणि घेत असता तरी ग्रीसहून आणलेली बाटली कस्टमच्या हिशेबासकट त्याला देण्याचा मोह मला झाला असता. वहिनी ट्रे घेऊन आल्या. सोनेरी काठ, दोन बिस्किटं. मी ट्रे उचलला आणि सरळ स्वयंपाकघरात नेला.

"वहिनी, माझा तो कान तुटलेला कप कुठाय?"

"तो कधीच फुटला हो भाऊजी. तीन वर्षं झाली."

मग त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, फळीवरून स्टीलचा एक पेला काढला आणि चहा त्यात ओतला. तो घेऊन मी बाहेर दादाशेजारी बसलो. दादाने जुडी हुंगली. "हे काय? काढा?"

"चहा. तिकडे बरं नसलं की घेतात."

"मग तुला बरं नाहीये का?"

"नव्हतं," मी म्हटलं. "पाच वर्षं."

दादा काही बोलला नाही. पेला फार तापला होता, हातात धरवेना. त्याने आपल्या कपाखालची बशी काढून माझ्यापुढे सरकवली. लहानपणी सरकवायचा तशी. मी चहा बशीत ओतला. निम्मा त्याने प्यायला. कुणी किती घोट घेतले ते मी मोजले नाहीत, आणि हे लिहिताना मला स्वतःचाच अभिमान वाटतो आहे.

निघताना तो स्टेशनपर्यंत सोडायला आला. रिक्षाचे 84 रुपये झाले. माझा हात खिशाकडे गेला. दादाने त्याच्या आधी शंभराची नोट काढून रिक्षावाल्याला दिली होती आणि सुट्टे मोजत होता. निम्मे बेचाळीस, हे गणित माझ्या डोक्यात आपोआप झालं. त्याला माझा इलाज नाही, बावीस वर्षांची सवय आहे. पण हात मी खिशातच ठेवला.

ते बेचाळीस रुपये मी अजून दिलेले नाहीत. द्यायचा विचारही नाही.